बेथेल
मराठवाड्यातील जालना शहराजवळ एकोणिसाव्या शतकात वसलेली ख्रिस्ती वसाहत. त्या वेळी हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढे तो औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात मोडे. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जालना जिल्हा निर्माण झाला. वसाहतीचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री (मृ. १८९१) हे होत.

ख्रिस्ती विचारात श्रद्धावंताला या जगातील परदेशस्थ व वाटसरू मानण्याची परंपरा जुनी आहे. बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले यात्रिकक्रमण हे भाषांतर १८४१ मध्ये निघाल्याने ही कल्पना मराठी वाचकांस लवकरच परिचित झाली. महाराष्ट्रातील पहिल्या धर्मांतरितांच्या बाबतीत मात्र ती केवळ रूपकात्मक राहिली नाही. शेषाद्री हे ब्राह्मण कुटुंबातील. मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला; परंतु न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्यास परत घेण्याचा पक्ष उचलून धरला. घर सोडणे एका दिवसात होई. परतीची वाट किती अवघड होती, हे या प्रकरणाने दाखविले. १८५० च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात धर्मांतरितांचा वारसाहक्क सुरक्षित केला; परंतु पंगतीतील स्थान, सोयरिक व नातलगांचा सहवास कायद्याने परत मिळणे शक्य नव्हते.

शेषाद्री यांना १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढील दशकात त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. तेथे त्यांच्याकडे आलेले लोक मुख्यतः मांग समाजातील होते. त्यांची स्थिती शेषाद्रींहून भिन्न होती. त्यांची वस्ती मुळातच गावकुसाबाहेर होती. तरीही गावकीची कामे व त्याबद्दल मिळणारे बलुते यांमुळे त्यांचा गावाशी संबंध टिकून असे. धर्मांतराने तोही धोक्यात येई. यावर उपाय म्हणून, सर सालारजंग हे दिवाण असताना निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर १८७० च्या सुमारास बेथेल हे गाव वसविण्यात आले. ‘बेथेल’ म्हणजे ‘देवाचे घर’. बायबलमधील कथेनुसार घर सोडून निघालेल्या याकोबाने वाटेत मुक्काम केलेल्या जागेस हे नाव दिले. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या ख्रिस्ती पाळकाने मुसलमान राज्यकर्त्याच्या जमिनीवर अस्पृश्य मानलेल्यांसाठी गाव वसवावे, ही घटना तत्कालीन दख्खनच्या इतिहासात लक्षणीय आहे. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस शेषाद्री उपस्थित होते.

अशा वसाहतींनी निराश्रितांना आसरा व स्वतःचे गाव दिले. त्याचबरोबर ख्रिस्ती समाज शेजाऱ्यांपासून वेगळाही पडला. ‘हे लोक परक्यांचे’ या समजुतीस त्यामुळे पुष्टी मिळाली. या दुराव्यास पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी वेगळे उत्तर शोधले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला व बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही त्यात स्थान दिले. श्रद्धेने वाटसरू असलेल्यांनी आपल्याच भूमीत कसे राहावे, या प्रश्नाची ही दोन उत्तरे होत : एक वेगळे गाव वसविण्याचे, दुसरे वेगळेपणाची वेस ओलांडण्याचे.