ऱ्होड आयलंड रेड : श्रेय कोणाचे? दुहेरी उपयोगाच्या एका कोंबडीचा इतिहास

प्रस्तावना :
पशुधनाच्या इतिहासात एखाद्या जातीचे श्रेय बहुधा तिची नोंदणी करणाऱ्यांकडे जाते. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ती घडविणारा शेतकरी अनामिक राहतो. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड रेड या अंडी व मांस अशा दुहेरी उपयोगाच्या कोंबडीबाबत मात्र हा वाद दगडावर कोरला गेला. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेतला आहे.

जातीचा उगम :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऱ्होड आयलंड राज्यातील लिटल कॉम्प्टन परिसरातील शेतकऱ्यांनी जहाजांतून आलेल्या मलय, शांघाय इत्यादी आशियाई कोंबड्यांचा स्थानिक कोंबड्यांशी संकर केला. आरंभीच्या पैदासकारांत विल्यम ट्रिप यांचे नाव घेतले जाते, तर जातीचे नामकरण आयझॅक विल्बर यांनी केले असे मानले जाते. लहान शेतकऱ्यास अंड्यांसाठी एक व मांसासाठी दुसरा असे दोन कळप पोसणे परवडणारे नव्हते. म्हणून कडक थंडीत टिकणारी, तपकिरी अंडी भरपूर देणारी आणि अंगाने भरदार अशी कोंबडी त्याने निवडीतून साध्य केली.

दोन स्मारके :
१९०४ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने या जातीस मान्यता दिली. त्यानंतर प्रदर्शनांतील हौशी पैदासकारांनी पिसांच्या गडद, एकसारख्या रंगावर भर दिला. १९२५ मध्ये ॲडम्सव्हिल येथे या जातीच्या पैदासकारांच्या क्लबने स्मारक उभारले. पुढच्याच वर्षी तेथून काही मैलांवर राज्याने दुसरे स्मारक उभारले व श्रेय व्यवसायासाठी कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांना दिले. १९५४ मध्ये ही कोंबडी राज्यपक्षी ठरली.

उत्तरकाल :
तोवर परिस्थिती पालटली होती. १९४० च्या दशकातील 'चिकन ऑफ टुमारो' स्पर्धांनी केवळ मांसासाठीच्या पैदाशीस चालना दिली. अंडी व मांस यांचे वाण वेगळे झाले आणि दुहेरी उपयोगाच्या जाती व्यापारी कुक्कुटपालनातून मागे पडल्या. तथापि तपकिरी अंड्यांच्या आधुनिक संकरित वाणांत ऱ्होड आयलंड रेडचे रक्त टिकून आहे. भारतातही गावठी कोंबड्यांच्या सुधारणेसाठी व परसातील कुक्कुटपालनासाठी तिचा वापर झाला. आशियातून गेलेले रक्त अशा रीतीने आशियातील लहान शेतकऱ्याच्या अंगणात परतले.

निष्कर्ष :
मान्यतेने या जातीस नाव व प्रमाण दिले. तिचे गुण मात्र त्यापूर्वीच शेतकऱ्याच्या गरजेतून सिद्ध झाले होते. म्हणून जातींच्या संवर्धनाचा विचार करताना नोंदवहीइतकेच त्या पाळणाऱ्याच्या ज्ञानासही स्थान देणे आवश्यक ठरते.