मेरुप्रस्तार आणि मूळ संख्या

मेरुप्रस्तार ही केवळ बेरजेच्या नियमाने तयार होणारी संख्यांची त्रिकोणी मांडणी आहे. ती पास्कलचा त्रिकोण या नावानेही ओळखली जाते. या मांडणीच्या ओळींवरून एखादी संख्या मूळ आहे की संयुक्त, हे निश्चितपणे ठरवता येते.

इतिहास

पिंगलाच्या छंदःशास्त्रावरील 'मृतसंजीवनी' या टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात या मांडणीचे वर्णन केले. ठरावीक अक्षरसंख्येच्या वृत्तात लघु-गुरूंच्या रचना किती, हे मोजण्यासाठी तिचा उपयोग होत असे. फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कल यांचा या विषयावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

रचना

शिखरावर १ लिहितात. ती शून्य क्रमांकाची ओळ होय. पुढील प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना १ असतो आणि मधली प्रत्येक संख्या ही वरच्या ओळीतील तिच्या लगतच्या दोन संख्यांची बेरीज असते.

ओळ ५ : १, ५, १०, १०, ५, १
ओळ ६ : १, ६, १५, २०, १५, ६, १
ओळ ७ : १, ७, २१, ३५, ३५, २१, ७, १

मूळ संख्यांची कसोटी

सातव्या ओळीतील टोकाचे १ वगळता सर्व संख्यांना ७ ने नि:शेष भाग जातो. सहाव्या ओळीत मात्र १५ व २० यांना ६ ने भाग जात नाही. सर्वसाधारण नियम असा : न ही १ पेक्षा मोठी संख्या मूळ असेल, तरच न-व्या ओळीतील मधल्या सर्व संख्या न ने विभाज्य असतात.

मधली प्रत्येक संख्या अपूर्णांकाच्या रूपात लिहिता येते. न मूळ असल्यास अंशात न हा अवयव असतो, तर छेदातील सर्व अवयव न पेक्षा लहान असतात. त्यामुळे न चा छेद उडत नाही. न संयुक्त असून क हा तिचा मूळ अवयव असल्यास, टोकाचा १ शून्यावा धरून येणारी क-वी संख्या न ने विभाज्य नसते. उदाहरणार्थ, नवव्या ओळीत क = ३ घेतल्यास ८४ ही संख्या मिळते व तिला ९ ने भाग जात नाही.

फर्माच्या प्रमेयाशी संबंध

न-व्या ओळीची बेरीज २ चा न-वा घात असते. टोकाचे दोन १ वजा केल्यास, न मूळ असताना उरलेली बेरीज न ने विभाज्य ठरते. याचा व्यत्यास खरा नाही : ३४१ = ११ × ३१ ही संयुक्त संख्या असूनही ही अट पूर्ण करते. म्हणजे बेरजेची कसोटी फसू शकते, परंतु ओळीतील प्रत्येक संख्या तपासणारी कसोटी कधीच फसत नाही.

संगणकशास्त्रातील महत्त्व

शंभर अंकी संख्येसाठी संपूर्ण ओळ तपासणे अशक्यप्राय आहे. २००२ मध्ये आयआयटी कानपूरमधील मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी याच गुणधर्माचे बहुपदीय रूप संक्षिप्त करून एकेएस कसोटी मांडली. अंकांच्या संख्येच्या तुलनेत बहुपदीय वेळेत आणि कोणत्याही अप्रमाणित गृहीतकाविना अचूक उत्तर देणारी ही पहिली कसोटी होय. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र मिलर-राबिन यांसारख्या अधिक जलद, संभाव्यतेवर आधारित कसोट्या वापरल्या जातात.