तीन एकरांचं पाणी

आपण देवासकर लिहायला बसलो की थोरली पाती, धाकटी पाती, माताजीची टेकडी आणि कुमारजींचं गाणं, एवढ्यातच फिरतो. त्यात वाईट काही नाही, मीही तेच वाचत मोठा झालो. पण आपल्यातल्या पुष्कळ घरांना शेती होती. तिचं काय झालं, ते मात्र कुणी फारसं सांगत नाही. म्हणून आज आमच्या शेताबद्दल लिहितो. यात माझी एक चूकही आहे, ती आधीच कबूल करतो.

आमची जमीन टोंकखुर्द तहसिलीत. पणजोबा थोरल्या पातीच्या चाकरीत होते, तेव्हाची. 1948 साली दोन्ही संस्थानं मध्य भारतात गेली, मग घरात वाटण्या झाल्या, आणि अण्णा (माझे वडील) व नानाकाका यांच्याकडे मिळून तीस एकर उरली. काळी, भारी जमीन. आजोबा पावसाळ्यात तिचा बराच भाग पडीक ठेवत, कारण त्या चिखलात औत चालत नाही. चार महिने माती पाणी पिऊन घ्यायची आणि दिवाळीच्या सुमारास त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वरून पाणी न देता मालवी गहू पिकायचा. त्या गव्हाच्या बाफल्यांची चव आई शेवटपर्यंत काढत होती. बांधावर अमराई, तिच्या सावलीत चाळीस फुटी विहीर आणि विहिरीवर मोट.

मग सोयाबीन आलं. पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या जमिनीतून रोख पैसा निघू लागला, तो कुणाला नको होता? अण्णांनी आमची शिक्षणं त्याच पैशावर केली, तेव्हा सोयाबीनला नावं ठेवायचा हक्क निदान मला तरी नाही. पण रब्बीला नवा गहू आला आणि त्याला चार-पाच पाणी लागायचं. विहीर तेवढं देईना. खेड्यात वीज आली होती, बोअरला कर्ज मिळत होतं. पहिला बोअर मारला त्या दिवशी घरी श्रीखंड केलेलं मला आठवतं.

आपल्या माळव्याच्या पोटात काळा खडक आहे. वरच्या झिजलेल्या थरात पाणी मुरतं, तेच विहिरीत यायचं. त्याखाली घट्ट पाषाण, आणि त्यातल्या फटींत साचलेलं फार जुनं पाणी. बोअर त्या फटीत शिरला की सुरुवातीला धो धो पाणी येतं आणि माणसाला वाटतं, खाली नदीच वाहते आहे. पण ती गंगाजळी असते, मिळकत नाही. शेजाऱ्यानं तीनशे फूट मारला की आपण चारशे, मग त्याचा पाचशे. आमच्या तीस एकरांत नऊ बोअर झाले. सातव्याच्या कर्जासाठी अमराई तोडून लाकूड विकलं. नववा सहाशे फुटांवर गेला तेव्हा आमचा जुना हाळी पाइपाकडे बघत अण्णांना म्हणाला, “बा साब, धूळ निकली री हे.” अण्णा काही बोलले नाहीत. विहिरीत तोवर आम्ही कचरा टाकू लागलो होतो.

गावची गत शहरापेक्षा वेगळी नव्हती. 1990 च्या उन्हाळ्यात देवासला इंदूरहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे जुन्या लोकांना आठवत असेल. अनुपम मिश्रांनी तळ्यांवरच्या आपल्या हिंदी पुस्तकात त्याची नोंद केली आहे. ज्या गावानं आपली तळी बुजवून वर घरं-दुकानं बांधली, त्याच गावाच्या स्टेशनवर पाण्याचे टँकर उतरले. आम्ही पोरं ती गाडी बघायला गेलो होतो. गंमत म्हणून!

2006 साली उमाकांत उमराव देवासला कलेक्टर होऊन आले. पाणी वाचवा म्हणून भाषणं देणारे आधीही खूप येऊन गेले होते. या माणसानं गोष्ट वेगळ्या टोकानं धरली. त्यानं मोठ्या शेतकऱ्यांना बोलावलं. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहेत, ज्यांनी सगळ्यात जास्त बोअर मारले आहेत, त्यांनाच. आणि धर्माचं नाही, नफ्याचं गणित मांडलं: जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्या, उरलेल्या नऊ हिश्श्यांचं उत्पन्न वाढतं की नाही बघा. तळ्याला नाव दिलं रेवासागर. रेवा म्हणजे नर्मदा, आपल्या जिल्ह्याची दक्षिणेची कड नेमावरला तिलाच टेकते. आणि तळं खोदणाऱ्याला म्हणायचं भगीरथ कृषक. सुरुवातीला अनुदान नव्हतं. ज्यानं खोदलं त्यानं स्वतःच्या खिशातून किंवा कर्ज काढून खोदलं. मला वाटतं म्हणूनच ते टिकलं. फुकटातलं तळं सरकारचं असतं, कर्जातलं आपलं. राज्य सरकारची बलराम तालाब योजना, अनुदानाची, आली ती 2007 मध्ये.

टोंककलांकडची तळी अण्णा मोटारसायकलवर मागे बसून बघून आले आणि घरात जाहीर केलं, “तीन एकर खोदायची.”

नानाकाका भडकले. “वाडवडिलांनी जमीन मिळवली ती बुडवायला का, दादा?” आणि मी, इंदूरला नोकरी करणारा शिकलेला मुलगा, काकांच्या बाजूनं उभा राहिलो. अण्णांना म्हणालो, कर्जाचं नवं लफडं नको, विकून टाकू सगळंच, भाव बरा येतो आहे. गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. अण्णांनी मला एवढंच विचारलं, “तू हिशेब केलास का?”

केला नव्हता. त्यांनी वहीत केला होता. तीन एकर, साधारण दहा फूट खोल, बाजूंचा उतार सोडला तरी तीन कोटी लिटर पाणी. त्यातलं निम्मं ऊन आणि जमीन खाणार असं धरलं तरी हरभऱ्याला दोन हलकी पाणी हमखास. आणि एरवी जिला आपण चिकट म्हणून शिव्या देतो ती काळी माती इथे उपयोगी पडणार होती; ती पाणी धरून ठेवते, खाली प्लास्टिक अंथरायला नको. एका बँकेनं तळ्याला कर्ज द्यायला नकार दिला, बोअरला मात्र लगेच देत होती. शेवटी आईच्या पाटल्या मोडल्या. आईनं स्वतःहून काढून दिल्या, हे लिहायला हवं.

2008 च्या पावसात तळं भरलं. त्या हिवाळ्यात मी गेलो तर पाण्यावर बदकं उतरलेली. अण्णा पाळीवर खुर्ची टाकून बसले होते, चहासुद्धा तिथेच. नंतर चक्रवाक आले, पाळीवर बाभळी आणि बोरी आपोआप उगवल्या, बेडकांचं ओरडणं इतकं की रात्री झोप येईना. जी विहीर आम्ही कचऱ्यानं भरत आणली होती ती नानाकाकांनी स्वतः माणसं लावून उपसली. काका कधी “माझं चुकलं” म्हणाले नाहीत. पण पाळीवर आंब्याची बारा कलमं लावली ती त्यांनीच.

सगळं गोड नाही. ज्याची दोन एकरच जमीन आहे तो दहावा हिस्सा कुठून देणार? आमच्या हाळ्याच्या मुलाकडे तेवढीच आहे आणि तो आजही पाण्यासाठी आमच्याकडे बघतो. अण्णा त्याला एक पाणी द्यायचे, लिहून काही नव्हतं. आणि तळं आलं म्हणून बोअर मारणं थांबलं असंही नाही. जिल्ह्यात हजारोंनी तळी झाली, पण पाणी दिसलं की माणूस परत लसूण, बटाटा, जास्त पाण्याचं पीक घेतो. आम्हीही घेतलं.

अण्णा आणि काका दोघंही आता नाहीत. चुलतभावांचं आणि आमचं वाटणीचं चाललं आहे. शेतं वाटता येतात, तळं कसं वाटायचं? एकाचं म्हणणं, तीन एकर बुजवून सपाट केले तर प्लॉट पडतील. तोच भाव, तेच गिऱ्हाईक, फक्त या वेळी मी दुसऱ्या बाजूला आहे. मी म्हणतो तळं सामाईक ठेवू, आणि हाळ्याच्या मुलाचं एक पाणी कागदावर लिहू. पुढच्या महिन्यात सगळे पटवाऱ्याकडे बसणार आहोत.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशी सामाईक विहीर किंवा तळं वाटणीत टिकलं असेल त्यांनी कागद कसा केला ते जरूर कळवा. आणि 1990 च्या त्या पाण्याच्या गाडीचा फोटो कुणाकडे असेल तर मला हवा आहे, भाच्या-पुतण्यांना दाखवायचा आहे.