आपत्ती व्यवस्थापनाचे विनामूल्य प्रशिक्षण व महाविद्यालयीन श्रेयांक (अमेरिका)

अमेरिकेच्या संघीय आपत्कालीन व्यवस्थापन संस्थेचे (फेमा) घरबसल्या पुरे करता येणारे विनामूल्य अभ्यासक्रम महाविद्यालयात नोंदवून पदवीच्या श्रेयांकांत (क्रेडिट) जमा करून घेण्याची पद्धत. यात प्रशिक्षण संघराज्य शासनाचे आणि श्रेयांक महाविद्यालयाचा असतो. फेमा फक्त प्रमाणपत्र देते, श्रेयांक देत नाही. हा भेद लक्षात न घेतल्याने प्रमाणपत्रांची चळत घेऊन प्रवेश कार्यालयात गेलेल्यांची निराशा होते.

पूर्वपीठिका : या प्रशिक्षणाची मुळे शीतयुद्धकालीन नागरी संरक्षणात आहेत. नागरी संरक्षणाचे प्रशिक्षण महाविद्यालय १९५१ मध्ये मेरिलंड राज्यातील ऑल्नी येथे सुरू झाले व १९५४ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे हलले. अणुहल्ल्याचा धोका हाच तेव्हा अभ्यासाचा केंद्रबिंदू होता. पूर, वादळे व भूकंप पुढे आले ते नंतर. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आदेशाने १९७९ मध्ये फेमा स्थापन झाली आणि विखुरलेली खाती एका छत्राखाली आली. त्याच वर्षी शासनाने मेरिलंडमधील एमिट्सबर्ग येथील सेंट जोसेफ महाविद्यालयाचा परिसर विकत घेतला. एलिझाबेथ ॲन सीटन (१७७४–१८२१) यांच्या शिक्षणकार्यातून वाढलेले हे कॅथलिक महिला महाविद्यालय १९७३ मध्ये बंद पडले होते. अमेरिकेत जन्मलेल्या व्यक्तींपैकी संतपद मिळालेल्या सीटन या पहिल्याच (१९७५). आज या आवारात राष्ट्रीय अग्निशमन अकादमी व कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या अग्निशमन जवानांचे राष्ट्रीय स्मारकही आहे. हे प्रशिक्षण चालवणाऱ्या येथील फेमाच्या आपत्कालीन व्यवस्थापन प्रशिक्षण संस्थेला अलीकडे विद्यापीठाचे नाव देण्यात आले असले, तरी जुन्याजाणत्या अधिकाऱ्यांच्या बोलण्यात अजून ‘एमिट्सबर्ग’च येते.

स्वयंअध्ययन अभ्यासक्रम : पूर्वी छापील पुस्तिका टपालाने येई, उत्तरांची वर्तुळे पेन्सिलीने भरून तो कागद परत पाठवावा लागे. महाजालामुळे हा खटाटोप संपला. नोंदणी करून विद्यार्थी क्रमांक घ्यायचा, पाठ वाचायचे, बहुपर्यायी परीक्षा द्यायची आणि ७५ टक्के गुण मिळाल्यास ई-मेलने आलेले प्रमाणपत्र छापून घ्यायचे, अशी सरळ पद्धत आहे. अभ्यासक्रमांना ‘आयएस’ हे आद्याक्षर व क्रमांक असतो. आयएस-१०० मध्ये घटना नियंत्रण प्रणालीची ओळख, आयएस-२३० मध्ये आपत्कालीन व्यवस्थापनाची मूलतत्त्वे, आयएस-२४४ मध्ये स्वयंसेवकांचे व्यवस्थापन, तर आयएस-१११ मध्ये आपत्तीतील पशुधन हा विषय येतो. यादीत किरणोत्सर्ग, घातक रसायने व चक्रीवादळेही आहेत. नियोजन, सराव, नेतृत्व, निर्णयप्रक्रिया, संवाद इ. विषयांचे सात ठरावीक अभ्यासक्रम पुरे करणाऱ्यास ‘व्यावसायिक विकास मालिके’चे वेगळे प्रमाणपत्र मिळते. गाव पातळीवरील अधिकाऱ्याला ही मालिका सर्वांत उपयोगी. बाकी यादीतील मजकुराचा दर्जा कमीअधिक आहे.

निरनिराळ्या दलांना एकाच नियंत्रणाखाली आणणाऱ्या घटना नियंत्रण प्रणालीचा जन्म १९७० च्या कॅलिफोर्नियातील वणव्यांनंतर झाला. आग विझवायला आलेल्या निरनिराळ्या दलांचे हुकूम, परिभाषा व बिनतारी संदेशयंत्रणा एकमेकांशी जुळत नव्हत्या, हे तेव्हा उघड झाले. २००३ च्या राष्ट्राध्यक्षीय निर्देशाने (क्र. ५) एकच राष्ट्रीय घटना व्यवस्थापन प्रणाली ठरवण्याचे फर्मान निघाले, ती २००४ मध्ये जाहीर झाली आणि संघराज्याचे अनुदान तिच्या अंमलबजावणीशी जोडले गेले. परिणामी अग्निशमन जवान, पोलीस, परिचारिका, शाळांचे कर्मचारी असे सगळेच आयएस-१०० व या राष्ट्रीय प्रणालीवरील आयएस-७०० च्या परीक्षांना बसू लागले. स्वयंअध्ययनाच्या प्रसाराचे खरे कारण हे आहे. श्रेयांकाचे आकर्षण हे दुय्यम कारण म्हणावे लागेल.

श्रेयांकात रूपांतर : हे काम प्रामुख्याने फ्रेडरिक कम्युनिटी कॉलेज (स्थापना १९५७) करीत आले आहे. एमिट्सबर्ग व हे महाविद्यालय दोन्ही फ्रेडरिक काउंटीतच असल्याने शेजारधर्माचाही यात वाटा असावा. उमेदवाराने आधी फेमाची परीक्षा उत्तीर्ण व्हायचे, मग महाविद्यालयाकडे अर्ज व शुल्क भरायचे. त्यानंतर त्या अभ्यासक्रमाचा श्रेयांक महाविद्यालयाच्या अधिकृत गुणपत्रकावर चढतो. गुणपत्रक मान्यताप्राप्त संस्थेचे असल्याने ते दुसऱ्या महाविद्यालयापुढे ठेवता येते. फेमाच्या प्रमाणपत्राला ही सोय नाही. त्यावर निरंतर शिक्षणाची एकके असतात आणि दहा तासांचे एक या हिशेबाने ती मोजली जातात. पदवीसाठी त्यांचा उपयोग होत नाही.

शुल्क : प्रतिश्रेयांक आकारले जाते, दर बदलत असतात.

मान्यता व आक्षेप : श्रेयांक स्वीकारायचा की नाही, हे सर्वस्वी स्वीकारणारी संस्था ठरवते. प्रौढ विद्यार्थ्यांना ठिकठिकाणचे श्रेयांक एकत्र करून पदवी देण्यासाठी न्यूयॉर्क राज्यातील एक्सेल्सियर (१९७१), न्यू जर्सीतील टॉमस एडिसन (१९७२) व कनेक्टिकटमधील चार्टर ओक (१९७३) या संस्था निघाल्या. पदवीचे १२० श्रेयांक कमी खर्चात भरू पाहणाऱ्यांचा ओघ साहजिकच तिकडे वळला. अशा संस्थांची फेमाच्या अभ्यासक्रमांवरील श्रेयांकांबाबतची धोरणे एकसारखी राहिलेली नाहीत. जेथे हे श्रेयांक चालतात तेथेही ते बहुधा मुक्त ऐच्छिक विषयांत बसतात, मुख्य विषयात क्वचितच.

मुख्य आक्षेप वेळेचा आहे. संघराज्याच्या व्याख्येनुसार एका श्रेयांकामागे सुमारे पंधरा आठवडे दर आठवड्यास एक तास वर्ग व दोन तास स्वाध्याय, म्हणजे एकूण सुमारे ४५ तास अपेक्षित आहेत. आयएस-१०० साठी फेमाने स्वतःच दोन तास पुरेसे मानले आहेत. दुसरा आक्षेप परीक्षेचा : ती घरी, देखरेखीविना होते आणि तिच्या उत्तरसूच्या महाजालावर फिरतात. समर्थक नोकरीतल्या अनुभवाकडे बोट दाखवतात. पण तो अनुभव ही परीक्षा मोजत नाही. आपत्ती व्यवस्थापनातील नियमित पदवी ही वेगळी बाब होय. नॉर्थ टेक्सस विद्यापीठाने ती १९८३ मध्ये सुरू केली, तर या विषयाच्या उच्च शिक्षणासाठी फेमाने १९९४ पासून स्वतंत्र उपक्रम चालवला.

भारताशी संबंध : अमेरिकी घटना नियंत्रण प्रणालीवरून भारताच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनुसार महाराष्ट्रातही जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्याकडे येते. श्रेयांकाच्या अंगाने मात्र येथील साम्य ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाशी आहे. तेथे पाठ विनामूल्य आहेत, पण श्रेयांकासाठी शुल्क भरून देखरेखीखाली परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये अशा श्रेयांकांना एका सत्रात २० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती २०२१ मध्ये ४० टक्के केली.