प्रवाहाचा लगाम

ठाण्याच्या इतिहासाची गोष्ट निघाली की आपण बहुधा दोनच ठिकाणी विसावतो. एक म्हणजे शिलाहारांचे श्रीस्थानक आणि दुसरे म्हणजे 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून इथे आलेली आगगाडी. कल्याण म्हटले की प्राचीन बंदर आणि दुर्गाडी किल्ला आठवतो. डोंबिवलीला तर इतिहासच नाही, ती चाकरमान्यांची वस्ती, असे तिथे राहणारेच सांगतात. मला हे पटत नाही. या पट्ट्याला विजेचा एक चांगला शंभर वर्षांचा इतिहास आहे. मात्र विजेचा इतिहास लिहिणारे ती कोणी निर्माण केली तेवढे सांगतात. तिला ताब्यात कोणी ठेवले, हे सहसा सांगत नाहीत. आणि विजेच्या बाबतीत खरे शहाणपण या दुसऱ्या गोष्टीतच असते. घोडा पोसणे वेगळे आणि त्याचा लगाम हाती असणे वेगळे.

3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी धावली. ती 1500 व्होल्टच्या सरळ, म्हणजे डीसी प्रवाहावर चाले. पुढे तारा ठाण्यावरून कल्याणला आल्या आणि 1929 मध्ये घाट चढून पुण्याला पोचल्या. त्याच साली जी. आय. पी. रेल्वेने ठाकुर्लीला आपले स्वतःचे वीजघर उभारले. आसपासची जुनी माणसे त्याला ‘चोळे पॉवर हाऊस’ म्हणत. डोंबिवली आणि कल्याण यांच्यामधल्या त्या खेडवळ जागी दगडी कोळसा जळे, वाफ होई, त्या वाफेवर जनित्रे फिरत आणि बोरघाटात गाड्या चढत.

पण इथे एक पेच होता. वीजघरात निघे तो उलटसुलट वाहणारा एसी प्रवाह. तो दूर न्यायला सोयीचा, कारण ट्रान्सफॉर्मरने त्याचा दाब हवा तसा चढवता-उतरवता येतो. त्या काळच्या गाडीच्या मोटारींना मात्र सरळ प्रवाहच मानवे. उभ्या गाडीला जोराने ओढून काढण्याची ताकद त्यांत होती. तेव्हा वाटेवरच्या उपकेंद्रांत एकाचे दुसरे करणे भाग होते. हे काम प्रथम फिरत्या परिवर्तकांनी केले. हे अजस्र यंत्र अखंड गरगरत राही. एका अंगाने एसी आत घेई आणि दुसऱ्या अंगाने, तांब्याच्या पट्ट्यांवर घासणाऱ्या कार्बनच्या ब्रशांतून, डीसी बाहेर देई. ब्रश झिजत, ठिणग्या उडत, आणि रात्रंदिवस माणूस उशाशी बसवावा लागे.

पुढे पाऱ्याची यंत्रे आली. हवा काढून टाकलेल्या भांड्यात पाऱ्याचे तळे आणि त्यावर नाचणारी निळसर-जांभळी ज्योत. या ज्योतीतून प्रवाह एकाच दिशेने जातो. उलटा फिरू पाहणारा अडतो. फिरणारे काही नाही, घासणारे काही नाही. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले की ज्योतीच्या वाटेवर एक जाळी बसवून तिला योग्य क्षणी इशारा दिला, तर ज्योत केव्हा पेटावी हे आपल्याला ठरवता येते. उशिरा पेटवली की कमी वीज मिळते, लवकर पेटवली की जास्त. माझ्या मते आजच्या सगळ्या पॉवर सप्लायचे मूळ इथे आहे. हजारो अँपिअरचा प्रवाह अडवायला तेवढेच बलाढ्य यंत्र लागत नाही. नेमक्या क्षणी दिलेला नाजूक इशारा पुरतो.

1957 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने पाऱ्याच्या जागी सिलिकॉन बसवून तीच करामत करणारा थायरिस्टर काढला. आपल्याकडेही फार उशीर झाला नाही. ठाण्याच्या अलीकडे भांडुपला हिंद रेक्टिफायर्स ही कंपनी 1958 मध्ये निघाली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट गजबजू लागली. पाठोपाठ डोंबिवलीतही कारखाने आले. रासायनिक कारखान्यांचा वास सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्याच शेजारी लहान गाळ्यांत ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे, चार्जर आणि स्टॅबिलायझर करणारे बसले होते, त्यांची आठवण मात्र कोणी काढत नाही.

या गाळ्यांत जुनी रीत सरळसोट होती. बारा व्होल्टचे पाच करायचे, तर उरलेले सात उष्णतेच्या रूपाने हवेत सोडून द्यायचे. निम्म्याहून अधिक वीज वाया! 1976 साली सिलिकॉन जनरल या अमेरिकी कंपनीसाठी बॉब मॅमानो यांनी एसजी 1524 ही सोळा पायांची चिप तयार केली, आणि ही उधळपट्टी थांबवण्याचे साधन लहान कारखानदाराच्याही हाती आले. ती सेकंदाला हजारो वेळा ट्रान्झिस्टर उघडझाप करते आणि बाहेरचा दाब पाहून किती वेळ उघडे ठेवायचे ते ठरवते. पाऱ्याच्या यंत्रातली जाळी जे करी, तेच आता नखाएवढ्या तुकड्यात होऊ लागले.

मग प्रश्न आला निवडीचा. पुढच्या दशकात युनिट्रोड कंपनीच्या यूसी 3842 या आठ पायांच्या चिपेचा जगभर बोलबाला झाला. तिची तीन भावंडे आहेत. फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. 3842 ही 16 व्होल्टला जागी होते आणि 10 पर्यंत काम करीत राहते. भिंतीतल्या 230 व्होल्टची वीज सरळ केली की सुमारे 325 होते. त्यातून एका मोठ्या रेझिस्टरमार्गे थेंबथेंब वीज कपॅसिटरमध्ये साठते, चिप जागी होते आणि ट्रान्सफॉर्मर तिला पोसू लागेपर्यंत मधल्या सहा व्होल्टच्या शिदोरीवर तग धरते. 3843 मात्र 8.4 ला जागी होते आणि 7.6 ला झोपते. तिची शिदोरी एका व्होल्टाचीही नाही. तिला बॅटरीसारखा हाताशी असलेला धनीच हवा. उलट 3842 बारा व्होल्टच्या बॅटरीवर लावली, तर ती जागीच होणार नाही. 3844 आणि 3845 ही याच दोघींची रूपे. फक्त ट्रान्झिस्टर निम्म्याहून अधिक वेळ उघडा ठेवायचा नाही, एवढे पथ्य त्या पाळतात. ट्रान्झिस्टरही तसाच पारखावा लागतो. 325 व्होल्टवर ट्रान्सफॉर्मरचा उलटा धक्का चढला की दाब सहाशेच्या घरात जातो, आणि आपल्याकडची वीज काही नेहमी 230 ची शिस्त पाळीत नाही.

हे सारे कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेले असते. पण पत्रक वाचून चिप मागणारे थोडे आणि जुन्या बोर्डावरचा नंबर चिठ्ठीवर उतरवून ग्रँट रोडला उतरणारे फार. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत त्या नंबरचा माल मिळतोही. परंतु पृष्ठभाग घासून वर नवा नंबर छापलेल्या चिपाही बाजारात फिरतात, आणि केवळ नंबरावर विसंबणाऱ्याला त्या ओळखू येत नाहीत. भारनियमनाच्या वर्षांत घरोघर इन्व्हर्टर आले, तेव्हा डोंबिवलीच्या दुरुस्तीवाल्यांत मला दोन जाती दिसल्या. एक जळालेला भाग बदलून देई. दुसरा तो का जळाला हे विचारी. पहिल्याकडे तेच यंत्र पुन्हा येई.

देश म्हणूनही आपण फार काळ पहिल्या जातीतच राहिलो, असे मला खेदाने म्हणावेसे वाटते. मोहालीला सरकारने चिपांचा कारखाना काढला. 1989 मध्ये तो आगीत सापडला आणि तो उद्योग पुढे बरीच वर्षे खुरडत चालला. 2020 नंतर जगभर चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा मोठमोठ्या मोटारगाड्यांचे उत्पादन अडकून पडले. लगाम दुसऱ्याच्या हाती असणे म्हणजे काय, ते त्या दिवसांत सर्वांना कळले. 2024 मध्ये गुजरातेत धोलेरा येथे टाटांच्या चिप कारखान्याला सरकारने मंजुरी दिली. तिथे ज्या चिपा काढण्याचा बेत आहे, त्यांत वीज सांभाळणाऱ्या चिपाही आहेत, हे मला विशेष वाटते.

चोळ्याचे वीजघर 1980 नंतरच्या दशकात थंडावले. एप्रिल 2016 मध्ये हार्बर मार्गावरचा 1500 व्होल्टचा डीसी प्रवाहही थांबला आणि मुंबईच्या लोकलमधला 91 वर्षांचा अध्याय संपला. आता वरच्या तारेतून 25,000 व्होल्टचा एसी येतो आणि त्याचे जे करायचे ते गाडीच्या पोटातच होते. उपकेंद्रातले गरगरणारे धूड गेले; त्याचे काम सिलिकॉनच्या चकत्या करतात, आणि त्यांना केव्हा उघडायचे हे सांगणारा इशारा तेवढाच नाजूक राहिला आहे. ठाकुर्लीला कोळसा ओढणारे आणि परिवर्तकापाशी रात्र जागवणारे हात आपलेच होते. यंत्र परक्याचे असले तरी त्यांनी ते कानाने ऐकून, नाकाने हुंगून आपलेसे केले होते. चिप आवाज करीत नाही आणि जळेपर्यंत तिला वासही येत नाही. तिला आपलीशी करायची तर ती समजून घेण्यावाचून दुसरा मार्ग नाही. डोंबिवलीच्या एखाद्या गाळ्यात कोणी मुलगा 3842 हवी की 3843 हे दुकानदाराला न विचारता स्वतः हिशेब मांडून ठरवीत असेल, तर चोळ्याच्या वीजघराचा खरा वारस मी त्यालाच म्हणेन.