असल, नक्कल आणि 12/1

आपल्या जमिनीच्या व्यवहारातले कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आले आहेत. दप्तर, तहसील, जमाबंदी, दाखला. त्यातलीच एक जोडी म्हणजे असल आणि नक्कल. जुना कारकून या दोहोंत कधी गल्लत करत नसे. असल कागद दप्तरात राहायचा, लोकांच्या हाती नक्कल जायची. संगणक आल्यावर हा साधा नियम आपण विसरलो की काय, अशी शंका येते.

चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता, तेव्हा गावाच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये लिहिल्या जात. 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि मालगुजारांची जंगलं सरकारकडे गेली. सरपण, बांबू, चराई यांवरचे गावाचे हक्क ‘निस्तार पत्रका’त नोंदले गेले. 1956 साली जिल्हा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. राज्यं बदलली, पण गावाचा हक्क कागदावरच्या ओळींतच राहिला.

त्या ओळींची किंमत 2006च्या वनहक्क कायद्याने वाढवली. मेंढा-लेखा गावाला 2009 साली 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण जी कुटुंबं अनुसूचित जमातीत नाहीत, मग ती हिंदू असोत, बौद्ध असोत की मुसलमान, त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. अशा घरासाठी जुन्या दप्तरातली एक ओळ म्हणजे आजोबांची साक्षच असते.

आता या ओळी संगणकात जातात. बहुधा आधी सीएसव्ही फाइल बनते. साधा मजकूर, एका ओळीत एक नोंद, रकान्यांमध्ये स्वल्पविराम. ही रीत जुनी आहे. आयबीएमच्या फोरट्रानमध्ये 1972 सालीच स्वल्पविरामाने तोडलेली माहिती वाचता येत होती. मात्र तिचे नियम आरएफसी 4180 या नावाने लिहून निघाले ते 2005 साली.

गडबड होते ती फाइल उघडताना. सीएसव्हीत सगळं अक्षरंच असतं. तारीख कोणती, आकडा कोणता, हे उघडणारा प्रोग्राम अंदाजाने ठरवतो. भूमापन क्रमांक 12/1, म्हणजे बारा नंबरचा पहिला हिस्सा, एक्सेलला 12 जानेवारी किंवा 1 डिसेंबर वाटतो. फाइल तशीच जतन केली की मूळ क्रमांक गेला. ही चूक फक्त आपल्याकडची नाही. जनुकांची काही नावं एक्सेल तारखा समजत असे, म्हणून 2020 साली शास्त्रज्ञांनी ती नावंच बदलली. शेतकऱ्याला आपल्या हिश्शाचा क्रमांक असा बदलता येत नाही.

उपाय सोपा आहे. फाइल आयात करताना प्रत्येक रकान्याला ‘मजकूर’ हा प्रकार द्यावा. ओपनऑफिस किंवा लिब्रेऑफिसच्या बेसमध्ये सीएसव्ही नुसती जोडली, तर ती वाचता येते, दुरुस्त करता येत नाही. दुरुस्तीसाठी तिची नक्कल डेटाबेसच्या स्वतःच्या तक्त्यात घ्यावी लागते आणि प्राथमिक कळ, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, ठरवावी लागते. ही ओळख नावावरून ठरवू नये. एका गावात दोन शेख रहीम असू शकतात, दोन मडावीही. अनुक्रमांक घ्यावा. शिवाय मूळ नोंद कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर आहे, याचा एक रकाना जोडावा.

जुन्या कारकुनाचा नियमही हाच होता. दुरुस्ती नक्कलेत करावी, असल जपून ठेवावी. ज्या तक्त्यात चूक सुधारता येते, त्यात हक्कही पुसता येतो. पुढे कुणी आजोबांची ओळ शोधत आलं, तर पडद्यावर 12 जानेवारी दिसली तरी चालेल. पण वहीतलं 12/1 काढून दाखवता आलं पाहिजे.