इंजिन कोण थांबवणार?



आज रविवार, आणि लॅपटॉप उघडलाय तो ऑफिसच्या कामासाठी नाही. यात काय एवढं सांगण्यासारखं, असं वाटेल तुम्हाला. पण हे वाक्य लिहिता यायला मला बरीच वर्षं लागली.

तीन वर्षांपूर्वी आमचं एक रिलीज सलग पाच आठवडे लांबत गेलं. शनिवार-रविवार धरून रोज बारा-तेरा तास काम. मग हळूहळू असं व्हायला लागलं की सकाळी मेल उघडायच्या आधीच छातीत धडधड, साधा कोड वाचताना एकच ओळ चार-चार वेळा वाचायची, आणि घरी कुणी 'चहा घेणार का?' विचारलं तरी मी खेकसायचो. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काहीच निघालं नाही. 'झोपा आणि सुट्टी घ्या' म्हणाले. ऑफिसलाही कुणकुण लागली असावी, कारण 'ताणमुक्त कसे राहावे' अशा वेबिनारचं आम्हा सगळ्यांना आमंत्रण आलं. वेळ : शनिवार, सकाळी ११. (हो, खरंच!) वेबिनार म्यूट करून मी बाजूला बग सोडवत बसलो होतो.

शेवटी चार दिवस सुट्टी घेतली. गावी गेलो, पण फोन वाजतच राहिला. कुणाचा दोष नव्हता हो, सुट्टी माझी होती, प्रोजेक्टची नव्हती. परत आलो तेव्हा माझ्या वाटचं चार दिवसांचं काम टेबलावर तसंच वाट बघत होतं.

आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या जागेवर. कँटीनच्या खिडकीतून एक चिमणी दिसते (पक्षी नव्हे, धुराडं). एकदा तिच्याकडे बघत चहा पिताना सहज डोक्यात आलं, इथे जे राबायचे त्यांना सुट्टी कशी मिळायची? मग वाचत गेलो. जे सापडलं ते आज सांगतो.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला उभारायला घेतली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांची रांगच लागली. या गिरण्यांची रचना समजून घ्यायला हवी, कारण सगळी गोम तिथेच आहे. गिरणीत एक मोठं वाफेचं इंजिन असायचं. त्यावर फिरणारे लांबच लांब दांडे, दांड्यांवरून खाली उतरणारे पट्टे, आणि त्या पट्ट्यांवर चालणारे शेकडो माग आणि चात्या. इंजिन सुरू म्हणजे सगळे कामावर. मध्येच एकट्याने 'मी दमलो' म्हणून थांबायची सोय नाही. रजा घेतलीच, तर तुमच्या जागी उभा राहायला बदली कामगार दारात तयार.

इंजिन चालायचं दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. थंडीत त्यातल्या त्यात बरं, पण उन्हाळ्यात चौदाएक तास सहज भरायचे. सणावाराला गिरणी बंद राहायची, पण दर आठवड्याला हक्काची सुट्टी हा प्रकार नव्हता. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला तो फक्त मुलांपुरता. सात वर्षांखालच्यांना कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास आणि महिन्याला चार सुट्ट्या. (सात वर्षांच्या मुलाला नऊ तास, आणि ही सुधारणा!) मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

इथे येतात नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. १८८० पासून 'दीनबंधू' हे पत्र मुंबईतून चालवायचे. त्यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या बघा : दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर इजा झाली तर भरपाई. याच सुमारास त्यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' स्थापन केली.

रविवारच का? तो खंडोबाचा वार, म्हणून लोखंड्यांनी तो मागितला असं सांगितलं जातं. राज्यकर्त्यांचाही तोच सुट्टीचा वार, तेव्हा सोयीचंही होतं.

विरोध कुणाचा झाला? मालकांचा तर झालाच, पण बऱ्याच राष्ट्रवादी वृत्तपत्रांचाही झाला. त्यांचं म्हणणं, हे कायदे म्हणजे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा डाव. इथले तास कमी झाले की आपला माल महाग होणार आणि त्यांचं फावणार. हे अगदीच खोटं नव्हतं. लँकेशायरवाले अशा कायद्यांसाठी खरंच दबाव आणत होते. पण त्या भांडणात मागापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या पायांचा विचार कोण करणार? 'स्पर्धेत टिकायचंय, आत्ता सुट्टीचं काढू नका' हे वाक्य मी कॉन्फरन्स रूममध्ये किती वेळा ऐकलंय! ते एवढं जुनं असेल असं वाटलं नव्हतं.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथे दोन कामगार बायकाही बोलल्या, हे मला विशेष वाटतं. त्यानंतर १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कायद्यात, आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली.

आता यातली मला भावलेली गोष्ट. या लोकांनी 'मला रजा द्या' असं मागितलं नाही, 'इंजिन थांबवा' असं मागितलं. इंजिन थांबलं की कुणीच मागे पडत नाही. शेजारच्याने काम करून आपल्याला लाजवायचा प्रश्न नाही, बदलीवाल्याची भीती नाही, सोमवारी ढीग नाही. माझ्या चार दिवसांच्या सुट्टीचं नेमकं काय चुकलं होतं, ते मला या १८८४ च्या अर्जाने सांगितलं.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण एक मेख राहून गेली. १८९१ च्या कायद्यात बायकामुलांच्या तासांना मर्यादा होती, पुरुषांच्या नव्हती. तिथे सूर्यच मुकादम होता. अंधार पडला की काम आपोआप थांबायचं. मग गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि १९०५ च्या तेजीत मुंबईच्या काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालायला लागल्या. सूर्यास्त हा कुणी लिहिलेला नियम नव्हता, ती हार्डवेअरची मर्यादा होती. हार्डवेअर बदललं आणि मर्यादा गेली. ती कागदावर यायला वेळ लागला : कापड गिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला १२ तास (१९११ चा कायदा), आठवड्याला ६० तास (१९२२), मग ५४ (१९३४), आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यात ४८.

आपलं काय झालं? मी नोकरीला लागलो तेव्हा डेस्कटॉप होता. ऑफिसचं दार हाच आमचा सूर्यास्त. मग लॅपटॉप मिळाला, फोनवर मेल आली, आणि आम्ही तर खूश होऊन पेढे वाटले!

गिरणी कामगारांशी आपली बरोबरी करणं जरा अतीच, हे मलाही कळतं. आपल्याला एसी आहे, पगार आहे, फुकटची कॉफी आहे. पण माणूस आतून विझतो तेव्हा कॉफी उपयोगी पडत नाही. 'बर्नआऊट' हा शब्द या अर्थाने रुळला तो न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाच्या १९७४ च्या लेखानंतर. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला रोग न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं : कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेला आणि नीट न हाताळलेला ताण. म्हणजे ताण जिथे तयार होतो, तिथेच काहीतरी बदलायला हवं. नुसत्या प्राणायामावर भागणार नाही.

आमच्या टीमने काय केलं ते सांगतो आणि थांबतो. मी आधी एकट्याने मॅनेजरशी बोललो होतो, 'बघू, जरा ॲडजस्ट कर' असं उत्तर आलं. मग आम्ही सहाही जण एकत्र गेलो, रात्री वाजलेल्या अलर्टची यादी घेऊन. त्यातले बरेचसे सकाळी बघितले असते तरी चाललं असतं. नियम तीनच ठरले : गुरुवार दुपारनंतर रिलीज नाही, रात्रीची ड्युटी आळीपाळीने एकाकडेच, आणि ज्याची झोपमोड झाली त्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी. क्लायंटने महिनाभर कुरकुर केली, मग त्यांनाही सवय झाली. आमच्यातला सगळ्यात हुशार मुलगा मात्र त्याआधीच नोकरी सोडून गेला होता. त्याच्यासाठी उशीरच झाला.

लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत गेले, मुंबईत प्लेगची साथ चालू असताना. २००५ साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. आणि आमच्या बिल्डिंगचा वॉचमन आजही, रविवारी, ड्युटीवर आहे. म्हणजे तो अर्ज अजून पुरता मंजूर झालेला नाही.

असो. लॅपटॉप बंद करतो. भेटू पुढच्या रविवारी.